साध्या गाडीने जपान

जपानमध्ये ‘सेइशुन जूहाची किप्पू’ नावाचं एक तिकीट मिळतं. १९८२ पासून ते चालत आलंय. वर्षातून तीनदा, तिथल्या शाळा-कॉलेजांच्या सुट्ट्यांच्या सुमारास ते विक्रीला येतं. नावात अठरा हा आकडा असला तरी वयाची अट अजिबात नाही. आमच्या ताईने साठीला टेकताना काढलं. या तिकिटावर जेआर म्हणजे जपान रेल्वेच्या कुठल्याही साध्या किंवा जलद पॅसेंजरमध्ये बसायचं, हवं तिथे उतरायचं, पुन्हा चढायचं. शिंकान्सेनला, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनला ते चालत नाही, लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेसलाही नाही. सलग ५ दिवसांचं तिकीट १२,०५० येनला. आम्ही गेलो त्या मार्च २०२५ मध्ये एका येनला साधारण ५८ पैसे पडत होते, म्हणजे सात हजार रुपयांत पाच दिवसांची रेल्वे.

याच्या शेजारी दोन आकडे ठेवते. तोक्यो ते क्योतो शिंकान्सेनचं फक्त जायचं तिकीट १४ हजार येनच्या घरात जातं. आणि परदेशी पाहुण्यांसाठीचा जो जेआर पास सगळे सुचवतात, तो सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून एकदम ५०,००० येन झाला. मी पुण्यात एका छोट्या कंपनीचे हिशेब सांभाळते. दोघींच्या पासचे लाख येन मांडले आणि तो रकाना तिथल्या तिथे खोडला.

२०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत हे तिकीट अजून उदार होतं. पाच दिवस सलग असायची गरज नव्हती आणि एकाच तिकिटावर पाच जण मिळून एक दिवस फिरू शकत. त्या हिवाळ्यापासून ते सलग दिवसांचं आणि एकट्याचं झालं. आमच्यासारख्या थोडे दिवस आलेल्यांना मात्र त्याने फारसं अडत नाही, उलट आता ते स्वयंचलित गेटमधून आपोआप पार होतं.

व्हिसाबद्दल थोडक्यात. आम्ही गेलो तेव्हा भारतीयांसाठी मूळ फी अगदी कमी होती, पाचशे रुपयांच्या आसपास, वर अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार. कागदपत्रं नेहमीचीच: बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, तिकिटांचं आरक्षण. त्यांना रोजचा तक्ता लागतो, कुठल्या तारखेला कुठे आणि कुठल्या पत्त्यावर. लोक याला कंटाळतात. मी म्हणेन, हा तक्ता मनापासून करा, निम्मी सहल तिथेच आखून होते. आणि आता व्हिसा फोनवर दाखवायचा असतो, तोही इंटरनेट चालू असताना. स्क्रीनशॉट चालत नाही. त्यामुळे तिकडे उतरल्यावर फोन चालेल याची सोय निघण्याआधीच करून ठेवा.

आम्ही मार्चचे पहिले दिवस मुद्दाम निवडले. महिनाअखेरीला साकुरा फुलू लागतो आणि राहण्याचे दर चढतात. आम्हाला उमे, म्हणजे प्लमचा मोहोर मिळाला, थंडी मिळाली आणि डोंगरात बर्फही मिळाला. आग्नेय आशियात विमान बदलून नारिताला उतरायचं आणि परत ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून निघायचं, असं तिकीट काढलं होतं. तोक्योला उलटं यायचा खर्च वाचतो. नारिताहून तोक्यो स्टेशनपर्यंत १,५०० येनची बस आहे, विमानतळ एक्स्प्रेसच्या साधारण निम्म्या पैशांत.

तोक्योत राहिलो मिनामी-सेन्जूला. या भागाला पूर्वी सान्या म्हणत. ते नाव आता नकाशावर नाही. १९६४ च्या ऑलिंपिकसाठी शहर उभं करणारे रोजंदारीचे मजूर इथे राहत, आणि त्यांच्यासाठी बांधलेल्या तीन तातामींच्या, म्हणजे तीन चटयांएवढ्या खोल्यांची वसतिगृहं अजून उभी आहेत. मजूर म्हातारे झाले, बरेच गेले, आणि काही मालकांनी त्याच खोल्या पाठपिशवीवाल्या प्रवाशांना द्यायला सुरुवात केली. तीन-साडेतीन हजार येनला खोली, खाली गादी अंथरायची, संडास-बाथरूम सामायिक. खोली एवढी लहान की आमच्या दोन पिशव्या उघडल्या की दार उघडत नसे. पण चादर कडक इस्त्रीची, खिडकीची काच लख्ख, आणि सामायिक स्वयंपाकघरात प्रत्येक कप्प्याला नावाच्या चिकटपट्ट्या लावलेल्या.

अंघोळीला गल्लीतल्या सेन्तोत जायचो. सेन्तो म्हणजे सार्वजनिक स्नानगृह. त्याचा दर सरकार ठरवतं, तोक्योत तेव्हा ५५० येन होता. बायकांचा भाग वेगळा, पण आत सगळ्या विवस्त्र, आणि ताई पहिल्या दिवशी दारातच थबकली. “मी नाही बाई, तू जाऊन ये,” म्हणाली. गल्ल्यावरच्या आजींनी तिच्या हातात एक छोटा टॉवेल ठेवला आणि स्वतः पुढे होऊन पडदा बाजूला धरला. मग जाणं भागच होतं. आत बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून नळाखाली आधी सगळं अंग साबणाने घासून काढायचं, फेस पुरता निघाला की मगच कढत पाण्याच्या टाकीत उतरायचं. भिंतभर फुजी रंगवलेला. टाकीतल्या बायकांपैकी कुणी आमच्याकडे पाहिलंही नाही. एकीने ताईला खुणेने दाखवलं, या कोपऱ्यात बस, इथे पाणी जरा सोसेल असं आहे. त्यानंतर रोज संध्याकाळी टॉवेल गळ्यात टाकून ताई माझ्याआधी तयार.

स्वस्तात हिंडायचं म्हणजे काहीतरी सोसायचं, हे आपण धरूनच चालतो. जपानमध्ये मला ते कुठेच पटलं नाही. स्वस्तात फिरणं म्हणजे तिथला शाळकरी मुलगा, पेन्शनवरची आजी, रोजंदारीवरचा माणूस जे वापरतो ते वापरणं, आणि त्यांच्यासाठीच्या त्या सोयी इतक्या निगुतीने केलेल्या आहेत की पैसेवाल्या पाहुण्याचा हेवा वाटायला जागाच उरत नाही.

तोक्यो पाहिलं ते तीन दिवसांच्या मेट्रो पासवर, ७२ तासांना तेव्हा १,५०० येन. उंचावरून शहर बघायला पैसे मोजायची गरज नाही. शिंजुकूतल्या महानगर सरकारच्या इमारतीचा ४५ वा मजला, २०२ मीटर उंच, सगळ्यांना फुकट खुला आहे. आणि असाकुसाला गेलात तर सेन्सोजी मंदिराची गर्दी बघून झाल्यावर सुमिदा नदीच्या बाजूने मात्सुचियामा शोदेन या मंदिरात जाच. शोदेन म्हणजे आपला गणपती, तिथल्या रूपात. मूर्ती कधीच दाखवत नाहीत, पण देवापुढे पांढरेशुभ्र, मनगटाएवढे जाड मुळे ओळीने वाहिलेले असतात. दारातच मुळे विकायला ठेवलेले होते. ताईने एक घेऊन वाहिला आणि बराच वेळ हात जोडून उभी राहिली.

आता जेवणाचं, कारण सगळे आधी तेच विचारतात. मी मासे खाते, ताई शुद्ध शाकाहारी. खरी अडचण मांसाची नसते, ती दाशीची असते. दाशी म्हणजे बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचा अर्क, आणि तो मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपपासून भाजीपर्यंत जवळपास सगळ्यात असतो. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. आम्ही जपानी शिकणाऱ्या एका मुलीकडून कार्ड लिहून घेतलं होतं: मांस, मासे, अंडं आणि माशाची दाशी, चारही नको. ते दाखवलं की वेटर आत जाऊन विचारून येई आणि नसेल तर स्पष्ट सांगे, “नाही, सगळ्यात दाशी आहे.” फसवून वाढणारा कुणी भेटला नाही. साखळी दुकानांपैकी कोको इचिबान्यामध्ये बऱ्याच ठिकाणी शाकाहारी करी वेगळी मिळते, भाज्या आपण निवडायच्या.

पण बहुतेक वेळा जेवलो सुपरमार्केटच्या जिवावर. दारापाशीच गरम दगडांवर भाजलेली रताळी असतात, याकी-इमो, दोन-तीनशे येनला एक, मधासारखी पाझरणारी. थंडीत ती पिशवी हातात धरून चालायचं आणि थोडी थोडी खायची. टोफू, केळी, दही, पाव. पिशवीतला शिजवलेला भात मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत गरम होतो, आणि हा तांदूळ आखूड, चिकट, मऊ. घरून नेलेलं मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी त्यावर घातली की ताईचं पोट आणि मन दोन्ही भरत असे. त्या महिन्यात तिथे तांदळाचे भाव भडकले होते, ५ किलोची पिशवी ४ हजार येनच्या वर, वर्षापूर्वीच्या जवळपास दुप्पट. बायका पिशवी उचलून किंमत बघत आणि परत ठेवत, हे मी रोज पाहत होते.

संध्याकाळी सातनंतर दुकानातला माणूस चिकटपट्ट्यांचं यंत्र घेऊन बाहेर पडतो. आधी वीस टक्के, मग तीस, आणि बंद व्हायच्या सुमारास ‘हांगाकू’, निम्मी किंमत. कोपऱ्यात उभे असलेले लोक शांतपणे वाट बघतात, कुणी धक्काबुक्की करत नाही. पट्टी लागली की हात पुढे. निम्म्या किमतीतली सुशी मी जेवढी खाल्ली तेवढी ताजी मासळी मला पुण्यात महिनाभर मिळत नाही.

पाच दिवसांचं तिकीट तोक्यो स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर काढलं, ‘मिदोरी नो मादोगुची’ म्हणतात तिला, हिरवी पाटी असते. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे निघालो. तोक्यो ते क्योतो ५१३ किलोमीटर. शिंकान्सेनला सव्वादोन तास लागतात, आम्हाला नऊ लागणार होते. आतामी, हामामात्सू, तोयोहाशी, ओगाकी, माइबारा, अशी गाडी बदलत जायचं. बदलायला कुठे पाच मिनिटं, कुठे त्याहून कमी, पण पुढची गाडी बहुधा समोरच्याच फलाटाला लागलेली असते.

आतामी सोडलं आणि समुद्र डावीकडे सुटला. नुमाझूनंतर उजवीकडे फुजी आला. आला म्हणजे सगळाच आला, पायथ्यापासून शिखरापर्यंत, पांढरा, स्वच्छ, आणि तासभर हललाच नाही. शिंकान्सेनमधून तो काही मिनिटं दिसतो. आमच्या डब्यात फुजीच्या बाजूला पाठ करून शाळेची मुलं कांजी, म्हणजे जपानी लिपीतली चित्राक्षरं, घोकत बसलेली, एक आजी छत्रीच्या मुठीवर डोकं टेकून झोपलेल्या. शिझुओका प्रांतात गाड्यांना लांबलचक बाकडी असतात आणि तो पट्टा सरता सरत नाही, असं या तिकिटावर फिरणारे सगळे कुरकुरतात. मला तोच पट्टा आवडला. चहाचे मळे, हामाना सरोवरावरचा पूल, पाण्यात उभी असलेली बेन्तेनजिमाची लाल कमान. बेन्तेन म्हणजे सरस्वती. ताईने खिडकीतूनच नमस्कार केला.

ओगाकीला जे होतं त्याला जपानी लोकही ‘ओगाकी दॅश’ म्हणतात. पुढची गाडी लहान, उतरणारे लोक पुष्कळ, मग जागेसाठी सगळे जिन्यावरून धावतात. एरवी रांगेचा देश, आणि इथे पन्नाशीचे गृहस्थ कॅमेरा सावरत पळताहेत! आम्हीही धावलो. ताईला जागा मिळाली. त्यापुढे सेकीगाहारा, जिथे १६०० साली तोकुगावा घराण्याची सत्ता ठरवणारी लढाई झाली ते खिंडीतलं मैदान. बाहेर सगळं बर्फाने झाकलेलं. वीस मिनिटांपूर्वी ऊन होतं.

क्योतोबद्दल मी फार लिहीत नाही. फुशिमी इनारी हे देऊळ रात्री मोकळं असतं आणि चोवीस तास फुकट, तेव्हा जेवून झाल्यावर जा, एवढंच. दुसऱ्या दिवशी ओकायामाला निघालो. पुण्याच्या माणसाला ओकायामा ओळखीचं, कारण सिंहगड रस्त्यावरची आपली पुणे-ओकायामा मैत्री बाग तिथल्या कोराकुएनवरून बेतलेली आहे. मूळ बाग १७०० साली पुरी झाली. आम्ही गेलो तेव्हा हिरवळ काळपट होती. दर फेब्रुवारीत ती मुद्दाम जाळतात, कीड मरावी आणि नवं गवत जोमाने यावं म्हणून. त्या काळ्या जमिनीपलीकडे उमेची झाडं गुलाबी-पांढरी फुललेली. बागेत छोटं भातखाचर आहे, चहाची रांग आहे, पिंजऱ्यात लाल माथ्याचे सारस आहेत. सिंहगड रस्त्यावरच्या बागेत पाणी वळवून आणलेलं ताईला पाठ होतं. इथे ती त्या पाण्याच्या कडेने पार शेवटपर्यंत चालत गेली.

ओकायामाहून शिकोकू बेटावर मरीन लाइनर गाडी जाते, आपल्या तिकिटावर चालते, ताकामात्सूपर्यंत तासाभराच्या आत. मध्ये सेतोचा समुद्र आहे आणि त्यावर १९८८ मध्ये झालेला सेतो ओहाशी पूल, वर मोटारी, खाली रेल्वे. तो व्हावा म्हणून जी निकड वाटली तिच्यामागे एक अपघात आहे. मे १९५५ मध्ये धुक्यात शिउन मारू नावाची रेल्वेची फेरीबोट बुडाली, १६८ माणसं गेली, त्यांत शंभर शाळेच्या सहलीला निघालेली मुलं होती. गाडी पुलावर चढली तेव्हा जाळीतून खाली बेटं सरकत होती आणि आमच्या समोरच्या बाकावर शाळेच्या गणवेशातल्या तीन मुली मोबाइलमध्ये काहीतरी बघून खिदळत होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

ताकामात्सू म्हणजे उदोन, गव्हाच्या जाड नूडल्स. पाटीवरचा क्रम कळला की सोपं: ताट घ्यायचं, लहान की मोठा तेवढं सांगायचं, काही दुकानांत नूडल्स जाळीच्या झाऱ्यात घालून आपणच उकळत्या पाण्यात बुडवायच्या, मग तोटीतून रस्सा घ्यायचा. साडेतीनशे येनच्या आसपास पोटभर. रस्सा मात्र सुक्या बारीक माशांचा, म्हणून ताईने नुसत्या नूडल्स घेतल्या, वर साधा सोया सॉस, किसलेला मुळा, आलं, कांद्याची पात. उदोनची दुकानं सकाळी लवकर उघडतात आणि नूडल्स संपल्या की दुपारीच बंद होतात, हे ध्यानात असू द्या.

रात्री झेन्त्सूजीला मुक्काम. इथे ७७४ मध्ये कूकाई जन्मले, जपानमध्ये शिंगोन बौद्ध पंथ आणणारे कोबो दाइशी ते हेच. शिकोकूभोवती ८८ मंदिरांची पायी यात्रा आहे, सुमारे १२०० किलोमीटर, आणि झेन्त्सूजी त्यातलं ७५ वं. पांढरे सदरे, हातात काठी, डोक्यावर टोपलीसारखी टोपी घालून यात्रेकरू चालत असतात आणि वाटेवरचे लोक त्यांना फळं, पाणी, कधी पैसे देतात. वारीच्या वाटेवर गावागावांत जे होतं तेच. आम्ही यात्रेकरू नव्हतो, तरी मंदिराच्या अंगणातल्या एका आजींनी ताईच्या हातात दोन संत्री ठेवली. ताईने पिशवीतून राजगिऱ्याची वडी काढून त्यांना दिली. आजींनी ती दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावली.

राहिलो मंदिराच्याच शुकुबोत, म्हणजे यात्रेकरूंच्या निवासात. आमच्या बाकीच्या मुक्कामांपेक्षा तो महाग पडला आणि तरीही हा खर्च चुकवू नका असं मी सांगेन. ताईच्या खाण्याचं आधी कळवून ठेवलं होतं. तिचं ताट वेगळं आलं: टोफू, कोम्बू या समुद्री शेवाळाच्या रश्शात शिजवलेला मुळा आणि गाजर, लोणची, भात. पहाटे मुख्य सभागृहात प्रार्थना झाली. भिक्षूंच्या पठणात ताईला ‘मणि’ आणि ‘पद्म’ ऐकू आलं आणि ती ताठ बसली. नंतर सभागृहाच्या खालच्या भुयारात सोडतात. शंभर मीटरची वाट, काहीही दिसत नाही, डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हातसुद्धा नाही. डावा हात भिंतीवर ठेवून चालायचं. पुढे चालणाऱ्या ताईचा आवाज येत होता, “आहेस ना गं? आहेस ना?” मी दर वेळी “आहे गं” म्हणत होते.

झेन्त्सूजीहून दक्षिणेला दोसान लाइन डोंगरात शिरते. इथून पुढे एकाच डब्याची डिझेल गाडी, तिला एकटा चालक. मागच्या दाराने चढायचं, चढताना यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्यायची, उतरताना चालकाच्या डोक्यावरच्या फलकात आपल्या नंबराखाली जो आकडा दिसेल तेवढे पैसे पेटीत टाकायचे. सुटे नसतील तर तीच पेटी मोडून देते. आपलं तिकीट असेल तर नुसतं चालकाला दाखवायचं. मी मुद्दाम चालकाच्या मागे उभी राहिले. पांढरे हातमोजे, सिग्नल आला की बोट रोखून मोठ्याने त्याची स्थिती म्हणायची, घड्याळाकडे बोट दाखवून वेळ म्हणायची. डब्यात आम्ही धरून सहा माणसं होती आणि हे सगळं तो एकही सिग्नल न गाळता करत होता.

लांब बोगद्यातून बाहेर पडल्यावर त्सुबोजिरी स्टेशन येतं. इथे स्विचबॅक आहे. चढ एवढा तीव्र की गाडी मुख्य मार्गावर थांबवता येत नाही. ती बाजूच्या सपाट फाट्यावर जाते आणि मग उलट्या दिशेने बाहेर निघते. आपल्या भोर घाटात १९२९ पर्यंत असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी थांबली. चालकाने हँडल काढून घेतलं, बॅग उचलली, टोपी नीट केली आणि आमच्यामधून चालत डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेला. जाताना प्रत्येकापुढे किंचित मान लववत. गाडी मागे सरकली, पुन्हा थांबली, तो पुन्हा तसाच परत आला. स्टेशनाला मोटारीचा रस्ता नाही, फक्त डोंगरातून वर जाणारी पायवाट. दिवसाकाठी मोजक्याच गाड्या थांबतात. कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही. तरी फलाट झाडलेला होता.

ओबोकेला उतरून बसने इया खोऱ्यात गेलो. बस दिवसातून मोजक्या, त्यामुळे इथला दिवस बसच्या वेळापत्रकावरूनच ठरवायचा. वेलींचा काझुराबाशी पूल ४५ मीटर लांब, पाण्यापासून १४ मीटर उंच. आत पोलादी दोर लपवलेले आहेत आणि वेली दर तीन वर्षांनी नव्या विणतात, तरी फळ्यांमधल्या फटीतून खालचं हिरवं पाणी दिसायला लागलं की पाय आपोआप जपून पडतो. पुलापलीकडे निखाऱ्यांवर देकोमावाशी भाजत होते: छोटा बटाटा, घट्ट टोफू आणि कोन्याकू (एका कंदाची जेलीसारखी वडी) एकाच काडीला, वर मिसो. ताईने दोन खाल्ले. भाजलेली रताळी सोडली तर घरून निघाल्यापासून पहिल्यांदाच तिला रस्त्यावर उभं राहून गरम काहीतरी खाता आलं होतं.

पाचव्या दिवशी तिकिटाचा शेवटचा पैसा वसूल केला. ओबोकेहून योशिनो नदीच्या काठाने तोकुशिमा, तिथून फेरीबोटीने दोन तासांत वाकायामा (बोटीचे पैसे वेगळे), आणि पुन्हा जेआरने हाशिमोतो. तिथे राहून दुसऱ्या दिवशी कोयासानला, कूकाईंनी डोंगरावर वसवलेल्या मंदिरांच्या गावी गेलो. कोयासानवर मंदिरांत राहायचं म्हणजे माणशी दहा हजार येनच्या पुढे, म्हणून पायथ्याशी मुक्काम. नांकाई रेल्वे गोकुराकुबाशीपर्यंत, तिथून केबल कार. वर गुडघाभर बर्फ साठलेला. ओकुनोइन या तिथल्या दफनभूमीत दोन किलोमीटरच्या वाटेवर उंचच उंच सुरूसारखी झाडं आणि त्यांखाली दोन लाखांहून जास्त समाध्या.

मला मात्र आधी कोयासान विद्यापीठात जायचं होतं. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. २०१५ मध्ये, कोयासानला बाराशे वर्षं झाली त्या साली, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. ताई जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत आली. सहा डिसेंबर आणि चौदा एप्रिलची भाषणं तिने मुलांकडून वर्षानुवर्षं बसवून घेतली आहेत. तिने पुतळ्याच्या खांद्यांवरचा बर्फ झाडायला हात वर केला, पण पोचेना. जवळून जाणारा एक विद्यार्थी थांबला, त्याने छत्रीच्या टोकाने हळूच बर्फ खाली पाडला, वाकून नमस्कार केला आणि वर्गाकडे पळाला.

हिशेब विचारणाऱ्यांसाठी: विमान सोडून दोघींचा सगळा खर्च, राहणं, खाणं, गाड्या, मंदिरं, सेन्तो, शुकुबो धरून, दिवसाला माणशी साडेसात हजार येनच्या आत राहिला. पाणी विकत घेतलं नाही, नळाचं पाणी सगळीकडे उत्तम. सामान पाठीवर मावेल तेवढंच नेलं आणि कपडे नाण्याच्या यंत्रावर धुतले. सर्वांत जास्त पैसे गेले ते शनिवारच्या मुक्कामांवर. त्या रात्री दर उड्या मारतात, तेव्हा शनिवार लहान गावात काढा.

ताईने आता क्यूशू बेटाचा नकाशा भिंतीला लावला आहे. तिला हिवाळ्यातलं तिकीट हवंय. कुमामोतोहून आसो ज्वालामुखीकडे जाणारी होही लाइन २०१६ च्या भूकंपात तुटली होती, ती २०२० मध्ये पुन्हा पूर्ण सुरू झाली, आणि त्या वाटेवर तातेनोलाही स्विचबॅक आहे. डिसेंबरच्या रजेचा माझा अर्ज गेला आहे.